काळ्यावर काळं: प्वेब्लो मडक्यांची परंपरा नेमकी किती जुनी?

रिओकाठ

मंडळी, एक प्रश्न आठवडाभर डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

मी अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीला राहते. गेल्या महिन्यात सांता फेला गेले होते. तिथे 'पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स' या जुन्या वाड्याच्या पडवीत आजूबाजूच्या प्वेब्लो (तिथल्या मूळ रहिवाशांच्या) गावांमधले कारागीर सतरंजी अंथरून बसतात, आपापल्या हातची कामं घेऊन. एका आजींकडून मुठीएवढं काळं मडकं घेतलं. मडकं कसलं, शाळिग्रामच! त्या चकचकीत काळ्यावर तशाच काळ्या पण बिनचमकेच्या रंगात एक नाग मडक्याभोवती फिरलाय. हा अव्हान्यू, पाण्याचा नाग. मडकं सरळ समोर धरलं तर तो दिसतही नाही. खिडकीकडे जरा कललं की उमटतो.

चाक नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचून, आतून बाहेरून सारख्या करून भांडं उभं करतात. चकाकीही लुकणाची (ग्लेझची) नाही, नुसत्या गुळगुळीत दगडाने घासून आणलेली. मला वाटलं, हजार वर्षांची कला हातात घेऊन घरी आले.

तर जेवायला आलेला एक मित्र म्हणाला, "हे काळ्यावर काळं काम जेमतेम शंभर वर्षांचं आहे. म्युझियमवाल्यांसाठी आणि प्रवाशांसाठी काढलेला माल. याला परंपरा कशी म्हणायची?" वाचून पाहिलं तर शंभर वर्षांचं खरंच आहे. सान इल्देफॉन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ आणि त्यांचे पती हुलियान यांनी १९१९ च्या आसपास ही पद्धत बसवली.

मग परंपरा म्हणायचं कशाला? माती, हात, गाव, की नक्षी? आणि आजचे कलाकार त्याहून कितीतरी वेगळं करताहेत, त्यांचं काय?

मुळामुठा

छान विषय. फोटो टाका ना मडक्याचा.

खापरखुणा

तुमच्या मित्राची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे.

नुसती काळी, घासून चमकवलेली भांडी सान इल्देफॉन्सो आणि शेजारच्या सांता क्लारामध्ये आधीपासून होतीच. नवं काय आलं, तर चमकत्या अंगावर मातकट, बिनचमकेची नक्षी. त्यामागची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९०८-०९ च्या सुमारास एडगर ह्युएट हे पुरातत्त्वज्ञ त्या भागात उत्खनन करत होते आणि हुलियान तिथे खोदकामाला मजूर होते. जमिनीतून निघालेल्या खापरांवरून तशी भांडी करून पाहाल का, असं ह्युएटनी मारियाला विचारलं. पुढे हुलियान सांता फेच्या म्युझियममध्ये झाडलोटीच्या कामाला लागले. तिथल्या कपाटांतली जुनी भांडी रोज डोळ्यांसमोर. मडक्याच्या काठाभोवती फिरणारी पिसांची जी नक्षी आज 'मारियाची' म्हणून ओळखली जाते, ती हुलियाननी दक्षिणेकडच्या मिंब्रेस लोकांच्या हजारेक वर्षं जुन्या वाडग्यांवरून उचलली. घडवायची मारिया, रंगवायचे हुलियान.

म्हणजे तंत्र शंभर वर्षांचं, नक्षी हजार वर्षांची, काळा रंग त्यांच्या मधला कुठलातरी. वय सांगायचं तर कशाचं सांगणार?

रसायनी

काळा रंग कसा येतो ते सांगतो, कारण तिथेच खरी गंमत आहे. तो रंग लावलेला नसतोच.

भांड्यावर लोहयुक्त लाल मातीचं पातळ पाणी (लेप) देतात आणि ओलसर असतानाच घासतात. हे घासणं एका बैठकीत संपवावं लागतं, मध्येच उठलं की लेप वाळतो आणि डाग राहतो. मग उघड्यावर जाळ. नुसतं भाजलं तर भांडं लालच निघतं. काळं हवं असेल तर ऐन आचेत घोड्याच्या वाळक्या लिदीचा भुगा वरून ओततात. जाळ दबतो, हवा कोंडते, धूर आत राहतो. हवा तुटली की लाल लोहभस्म काळं होतं आणि धुरातला कार्बन मातीच्या रंध्रांत शिरतो.

एकच गाव, एकच माती, एकच लेप. शेवटच्या तासात झाकलं तर काळं, नाही झाकलं तर लाल. मारियाचा मुलगा पोपोव्ही दा याने तर काळ्या भांड्याचा काही भाग पुन्हा तापवून तेवढाच तांबूस करून दाखवला. काळं आणि तांबूस एकाच भांड्यावर.

आवा_धूर

साताऱ्याकडचा, कुंभाराच्या घरातला. रसायनींचं वाचून अंगावर काटा आला, कारण संक्रांतीची काळी सुगडं आमच्याकडे अशीच व्हायची. आवा पेटला, आच धरली, की वरून चगळ (काडीकचरा) टाकून सगळीकडून लिंपून घ्यायचं. धूर बाहेर पडायला फट ठेवायची नाही. एक फट राहिली की तेवढ्या बाजूचं सुगड तांबडं. आजी त्याला 'कवडं' म्हणायची आणि बाजूला काढायची. लीद आम्हीही वापरतो, पण मातीत मळायला, म्हणजे वाळताना मडकं तडकत नाही.

दोन गोष्टी मात्र उलट्या आहेत. आमच्याकडे चाक आहे, त्यांच्याकडे नाही. आणि आमच्याकडे चाकाला बायकांनी हात लावायचा नाही असा दंडक होता. माती मळणं, चाळणं, वाळवणं, रंगवणं, बाजारात डोक्यावरून नेणं, हे सगळं आई करायची, पण घडवलं कुणी, तर वडिलांनी. तिकडे बाई घडवते आणि नवरा रंगवतो, हे वाचून आईला फोन केला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "चाक नसतं तर मीपण केलं असतं."

हडसनपार

आवा_धूर, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये २०२३ मध्ये 'ग्राउंडेड इन क्ले' नावाचं प्रदर्शन लागलं होतं. आधी २०२२ मध्ये सांता फेला झालं होतं. मी तीनदा गेले. शंभराहून जास्त भांडी, आणि ती निवडली कुणी? प्वेब्लो समाजातल्याच साठाहून जास्त लोकांनी, त्यांत कुंभारकाम करणारे होते आणि न करणारेही. ज्याने भांडं निवडलं त्यानेच शेजारी चार ओळी लिहिल्या होत्या. एरवी म्युझियममध्ये काळ, स्थळ, माप आणि 'कलाकार अज्ञात' एवढंच असतं. इथे लोक लिहीत होते आपल्या आजीच्या स्वयंपाकघराबद्दल, पाणी भरायच्या वाटेबद्दल. भांड्यांशी ते माणसांसारखे बोलत होते. काचेच्या पलीकडे ती भांडी एकटी पडली आहेत, ही खंतही त्यांत होती.

मला तिथे समजलं की 'परंपरा किती जुनी' हा प्रश्न बहुतेक वेळा बाहेरचा माणूस विचारतो.

भाबडा_प्रश्न

पण बाहेरच्या माणसानेच तर हे सगळं सुरू केलं ना? पुरातत्त्वज्ञ सांगणार, म्युझियम विकत घेणार, प्रवासी नेणार. गावातल्यांना त्या काळ्या मडक्याचा उपयोग काय? त्यात पाणी राहतं का?

रिओकाठ

पाणी राहत नाही, हे मी पुराव्यानिशी सांगू शकते. घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यात पाणी घालून झिनियाची चार फुलं ठेवली. संध्याकाळी टेबलावर ओल, आणि मडक्याच्या पोटाशी रुपयाएवढी जागा पांढुरकी, निस्तेज. बोट फिरवलं तर तिथे कातडं सोलल्यासारखं खरखरीत लागतं. नागाच्या शेपटीजवळच. फार वाईट वाटलं. आच कमी असते, लुकण नसतं, त्यामुळे ओल भिंतीतून थेट बाहेर येते आणि घासलेला लेप उचलते.

मात्र वापरायची भांडीही आहेत. ताओस आणि पिकुरीस या गावांच्या मातीत अभ्रक असतं. ती भांडी सोनेरी चमचमतात आणि थेट जाळावर ठेवून त्यांत घेवडा शिजवतात. एका शेजाऱ्यांकडे खाल्लाय. चव वेगळी लागते, मातीच्या भांड्यातल्या आमटीसारखीच.

खापरखुणा

भाबडा_प्रश्न, बाहेरच्यांनी 'सुरू केलं' म्हणणं मला पटत नाही. १८८० मध्ये रेल्वे सांता फे आणि अल्बुकर्कीपर्यंत पोचली. तिच्यासोबत पत्र्याची स्वस्त भांडी आली, पाण्याच्या घागरींची गरज घटली, आणि त्याच गाडीतून प्रवासीही आले, ज्यांना बॅगेत मावेल असं काहीतरी हवं होतं. एक गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं. घडवणाऱ्या बायकांनी त्यातून वाट काढली, याचं श्रेय त्यांनाच आहे.

होपी-टेवा (होपींमध्ये राहणारा टेवा समाज) असलेल्या नाम्पेयो या कुंभारीणबाईचं उदाहरण घ्या (जन्म १८५९ च्या सुमारास, मृत्यू १९४२). वर्षानुवर्षं असं लिहिलं गेलं की १८९५ मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्यूक्स यांनी सिक्यात्की हे जुनं गाव खणलं, नाम्पेयोचा नवरा लेसू तिथे मजुरीला होता, त्याने खापरं आणून दाखवली आणि तिथून तिची कला सुरू झाली. पण ती त्याआधीपासूनच जुन्या नक्ष्या हाताळत होती. अवशेष तिच्या गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर, खापरं पायाखाली. तिला शोधून द्यायला कोण हवं होतं? आणि तिने नक्कल केली नाही. त्या नक्षीतला पक्ष्याचा पंख, मोकळी सोडलेली जागा, रुंद बसके खांदे, हे घेऊन तिने स्वतःचं काम उभं केलं. म्हातारपणी दृष्टी जवळजवळ गेली, तेव्हा ती बोटांनी चाचपून घडवायची आणि घरातली माणसं रंगवायची.

वैदर्भी

थोडं अवांतर. आमच्याकडे माहूरझरी, नायकुंडच्या शिळावर्तुळांत काळी-तांबडी भांडी सापडतात. आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी. पालथी घालून भाजल्यामुळे आत हवा पोचत नाही, असं एक स्पष्टीकरण शिकवलं होतं. म्हणजे हवा कोंडून काळं करायची युक्ती अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी विदर्भातही ठाऊक होती. कुणी कुणाकडून शिकलं नाही, आगीनेच दोघांना शिकवलं.

मुळामुठा

मणिपूरच्या लोंगपी गावची काळी भांडीही चाकाशिवाय करतात ना? आमच्याकडे एक आहे, वरण ठेवते त्यात.

आवा_धूर

हो, लोंगपीचीच. दगडाची पूड मातीत मिसळतात. वरण गरम राहतं का बराच वेळ?

मुळामुठा

राहतं! जेवायला उशिरा येणाऱ्यांची सोय झाली आहे. :)

गाडीवान

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग कुणी घेतलाच नाही, आजच्या कलाकारांचा. सांता क्लाराची रोझ बी. सिम्पसन ऐकली आहे का? आई रॉक्सॅन स्वेंटझेल मोठी शिल्पकार, घराण्यात मातीकाम पिढ्यान्‌पिढ्या. या मुलीने मोटारदुरुस्तीचं शिक्षण घेतलं आणि १९८५ ची शेव्हर्ले एल कमिनो गाडी स्वतः तयार करून चकचकीत काळ्यावर बिनचमकेच्या काळ्या नक्षीत रंगवली. गाडीचं नाव 'मारिया'! मी त्या गाडीचे फोटो बघण्यात एक अख्खी रात्र घालवली आहे. त्या बॉनेटवरची नक्षी सरळ बघितली तर लपते, तिरकी बघितली तर उमटते, रिओकाठ यांच्या नागासारखीच.

भाबडा_प्रश्न

गाडी सुंदर असेल, पण ते मातकाम नाही. पत्र्यावर रंग मारला की झाली का प्वेब्लो परंपरा? उद्या कुणी मोबाइलच्या कव्हरवर मारेल.

गाडीवान

फरक हा की तिच्या हाताला माती माहीत आहे. माणसाएवढ्या उंचीच्या मातीच्या मूर्ती करते ती. आणि तिथल्या एस्पान्योला गावात जमिनीलगत चालणाऱ्या, नटवलेल्या लोरायडर गाड्यांचं वेड पिढ्यांचं आहे. तीही तिच्या गावची परंपराच. तिने दोन परंपरा एका पत्र्यावर आणल्या.

हडसनपार

मला कोचिती या प्वेब्लो गावचा कलाकार व्हर्जिल ऑर्टिझ जास्त जवळचा वाटतो. १६८० मध्ये प्वेब्लो गावांनी एकजुटीने उठाव करून स्पॅनिश सत्तेला बारा वर्षं हुसकून लावलं. गावोगावी निरोप गेले ते गाठी मारलेल्या दोऱ्यांनी, रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठाव. ऑर्टिझ ती कथा १६८० आणि २१८० अशा दोन काळांत मांडतो, भविष्यातले योद्धे मातीतून घडवतो. कुणाला वाटेल ही चित्रपटी कल्पना. पण त्याच्या मूर्तींमागे कोचितीच्या एकोणिसाव्या शतकातल्या मूर्ती आहेत. तेव्हा रेल्वेबरोबर आलेल्या सर्कशीतल्या माणसांच्या, व्यापाऱ्यांच्या, पाद्र्यांच्या प्रतिमा तिथल्या कारागिरांनी मातीत केल्या होत्या. आल्यागेल्याकडे बघून तो मातीत उतरवायचा, ही त्या गावची जुनी सवय.

त्याच कोचितीच्या हेलन कोर्डेरोने १९६४ मध्ये पहिली 'गोष्ट सांगणारी' मूर्ती केली. आईच्या मांडीवर मूल, अशा मूर्ती आधी होत्या. हेलनला आठवले तिचे आजोबा, ज्यांच्याभोवती नातवंडं गोष्ट ऐकायला जमायची. तिने आजोबांच्या अंगाखांद्यावर मुलं चढवली. डोळे मिटलेले, तोंड उघडं. आज ती मूर्ती कितीतरी प्वेब्लो गावांत होते आणि लोक तिला प्राचीन समजतात.

रसायनी

भाबडा_प्रश्न यांच्या शंकेत तथ्य आहे, फक्त गाडी हे चुकीचं उदाहरण आहे. खरी अडचण साच्याची आहे. आकोमा या प्वेब्लो गावची भांडी म्हणजे पांढऱ्या मातीवर युक्का या झुडपाच्या पानाच्या कुंचल्याने ओढलेल्या केसासारख्या रेघा. उघड्या जाळात पांढऱ्यावर धुराचा डाग पडतो म्हणून आता बरेच जण विजेच्या भट्टीत भाजतात. ते मी समजू शकतो. पण साच्यात ओतलेलं तयार भांडं विकत आणून त्यावर नुसती नक्षी काढायची आणि सांगायचंच नाही, हे घेणाऱ्याला फसवणं आहे. आणि महिना महिना एका घागरीवर घालवणाऱ्या शेजारणीलाही.

खापरखुणा

सहमत. आकोमात तर तोटा दुप्पट, कारण तिथल्या मातीत जुनी खापरं कुटून घालतात. फुटलेलं भांडं टाकून देत नाहीत. पणजीच्या घागरीचे तुकडे आजीच्या घागरीत, आजीच्या घागरीचे आईच्या. साच्यातल्या भांड्यात नेमकं तेच नसतं.

आता मूळ प्रश्नासाठी एक मुद्दा, जो मला स्वतःला वर्षभर पुरला. शेणाची, लिदीची आच ही या कामातली सगळ्यात 'पारंपरिक' गोष्ट मानतात, बरोबर? पण गायी, घोडे आणि मेंढ्या त्या भूमीत स्पॅनिशांबरोबर आल्या, सोळाव्या शतकात. त्याआधी शेण आणणार कुठून? तेव्हा लाकूड होतं, आणि होपींकडे तर चक्क दगडी कोळसा. सिक्यात्कीची ती पिवळीधमक भांडी कोळशावर भाजलेली आहेत. नाम्पेयोने तीच नक्षी मेंढीच्या लेंड्यांवर भाजली. कणीक मळायच्या मोठ्या मातीच्या पराती आहेत ना, त्याही गहू आल्यानंतरच्या.

मुळामुठा

अरे बापरे. म्हणजे लीद नाही तर हा काळा रंगही असा नाही!

आवा_धूर

आणि मिरची बाहेरून आली म्हणून आपला ठेचा परका होत नाही.

वैदर्भी

ठेच्यावर कुणी बोलायचं नाही!

भाबडा_प्रश्न

खापरखुणा, लिदीच्या मुद्द्यावर मी निरुत्तर. गाडीचं अजून पटलेलं नाही, पण फोटो बघितले. सुंदर आहे.

एक विचारायचं राहिलं. भांड्याखाली सही करायची पद्धत तरी बाहेरचीच ना? घडवलं एकीने, रंगवलं दुसऱ्याने, माती आणली तिसऱ्याने, आणि नाव एकाचं.

हडसनपार

सही बाजारामुळेच आली, १९२० च्या दशकात. गिऱ्हाइकाला नाव हवं होतं. पण त्यावर मारियाने काय केलं ते बघा. तिचं नाव असलेल्या भांड्याला जास्त पैसे मिळतात हे कळल्यावर गावातल्या दुसऱ्या बायकांच्या भांड्यांवरही ती मागितल्यास सही करून देई, असं सांगतात. संग्राहक आजही यावरून डोकं धरून बसतात. मला ही तिची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. तंत्रही तिने लपवलं नाही, गावाला शिकवलं. शेतीवर भागत नव्हतं तेव्हा या काळ्या भांड्यांनी सान इल्देफॉन्सोच्या कितीतरी घरांत चूल पेटती ठेवली.

रिओकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, कारण मधल्या काळात एका ओळखीतून सांता क्लारातल्या एका कुंभारीणबाईंच्या घरी जाऊन आले. त्यांनी आधीच सांगितलं होतं, फोटो काढायचे नाहीत, त्यामुळे फोटो नाहीत. डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

पहाटे वारा नसतो म्हणून सहाला आच लावली. मडकी आधी ऊन देऊन कोमट केलेली. ओल राहिली तर फुटतात. जाळाचा थेट चटका बसू नये म्हणून भोवती पत्र्याचा आडोसा करतात. आणि तो आडोसा कशाचा होता? दुधाच्या बाटल्यांचे लोखंडी क्रेट आणि गाड्यांच्या जुन्या नंबर प्लेटा! गाडीवान, तुमची आठवण आली. न्यू मेक्सिकोच्या पिवळ्या प्लेटा, जळून जळून काळ्या पडलेल्या. त्यांच्या आत ती मडकी.

घासायचा दगड त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. बोराएवढा, तपकिरी, एका बाजूने इतका झिजलेला की अंगठा तिथे आपोआप जाऊन बसतो. आजीचा. तो हरवला तर काय, असं विचारणार होते, पण त्यांनी तो परत घेऊन लगेच कापडात गुंडाळला आणि कापड ब्लाउजच्या खिशात ठेवलं, तेव्हा विचारायची गरज उरली नाही. खडबडीतपणा काढायला मात्र त्या दुकानातला सँडपेपर वापरतात. त्यांच्या आई वापरत नव्हत्या.

माझ्या मडक्यावरचा पांढरा डाग त्यांना दाखवला. त्यांनी बोट फिरवलं, मान हलवली. दुरुस्त होत नाही. पुन्हा लेप देऊन पुन्हा भाजलं तर फुटेल. मी ते तसंच ठेवणार आहे.

मित्राला आता एवढंच सांगणार आहे की त्याने आधी तो दगड हातात घ्यावा.

आवा_धूर

लीद कशी टाकली ते सांगा ना. ओली की वाळकी? चाळलेली? एकदम ओतली की थोडी थोडी?

रिओकाठ

खडखडीत वाळकी, हाताने चुरून तंबाखूसारखी बारीक केलेली. दोन मोठ्या पत्र्याच्या टबांत तयार ठेवली होती. जाळ पूर्ण धगधगला की दोघींनी दोन बाजूंनी एकदम ओतली आणि फावड्याने कडा दाबल्या. जिथून धूर निघे तिथे लगेच आणखी मूठभर. पाऊण तास तसंच ठेवलं. काठीने उचलून बाहेर काढलं तेव्हा मडकं राखेने माखलेलं, भुरकट. गार झाल्यावर फडक्याने पुसलं आणि खालून तो काळा आला.

आवा_धूर

आम्ही चगळ टाकायचो, ती जाडी असते, म्हणून फटी राहायच्या. आईला वाचून दाखवलं. यंदा संक्रांतीच्या आधी पाच सुगडं अशी करून बघायची ठरलंय. चाकावर नाही, वळ्यांची. घडवणार आई. गावात टांगा उरलेला नाही, पण वरातीच्या घोड्यावाल्याशी बोलून ठेवलंय.